गोंड्याच्या टोपीचा धर्म

ईश्वरराव दाबके यांनी बहात्तर वर्षांच्या आयुष्यात सरकारी कागदावर एकच खोटं लिहिलं, आणि तेही एका टोपीपायी. माणसं इस्टेटीसाठी खोटं बोलतात, मुलीच्या लग्नासाठी बोलतात, ते निदान समजण्यासारखं असतं. ईश्वररावांनी आपली चोख अब्रू पणाला लावली ती डोक्यावरच्या एका लोकरी होडीसाठी.

ही होडी त्यांनी स्कॉटलंडच्या आठ दिवसांच्या बस-टूरमध्ये एडिनबराला घेतली होती. तिचं नाव ग्लेनगॅरी. ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी एक गांधी टोपी मनात आणावी, ती जाड काळ्या लोकरीची करावी, कडेने लाल-पांढऱ्या चौकड्यांची पट्टी फिरवावी, माथ्यावर लाल गोंडा बसवावा आणि मागे मानेवर दोन काळ्या फिती सोडून द्याव्यात. दुकानदाराने ती ईश्वररावांच्या डोक्यावर तिरकी ठेवली आणि म्हणाला, "यू वेअर इट वेल, सर." हे तो दिवसातून चाळीस गिऱ्हाइकांना म्हणत असणार. पण कॅनडात, ओंटारियोतल्या हॅमिल्टनच्या पोलाद कारखान्यात एकतीस वर्षं मेटलर्जिस्ट म्हणून घासलेल्या या गृहस्थाला काहीही शोभून दिसतं असं तोवर कुणी म्हटलेलंच नव्हतं. घरी तर तो विषयच निघत नसे. तिथल्या तिथे त्यांच्या मनाने घेतलं की आपलं डोकं हे मुळात ग्लेनगॅरीचंच डोकं आहे, ते चुकून दाबक्यांच्या घरात जन्माला आलं.

तरीही टोपी दोन वर्षं कपाटात पडून होती, आणि तशीच राहिली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. पण ऑक्टोबरमध्ये ड्रायव्हिंग लायसन रिन्यू करायची वेळ आली. जुन्या लायसनवरच्या फोटोत फ्लॅशचा उजेड ईश्वररावांच्या टकलावर पडून असा काही परतला होता, की डोकं कुठे संपतं आणि मागची भिंत कुठे सुरू होते हे पोलिसालाही सांगता आलं नसतं. पत्नी वनिताबाईंच्या भिशीत तो फोटो एकदा हातोहात फिरला होता. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या. या वेळी असं होऊ द्यायचं नाही, असं ठरवून ईश्वरराव टोपी घालून लायसनच्या ऑफिसात गेले.

काउंटरवरची मुलगी विशीतली होती. ती म्हणाली, "सर, फोटोसाठी हॅट काढाल प्लीज? अनलेस इट्स फॉर रिलिजस रीझन्स."

आता मराठी मध्यमवर्गीय माणसाचा स्वाभिमान ही एक मजेशीर वस्तू आहे. साहेबासमोर तो झोपलेला असतो. घरमालकासमोर झोपलेला असतो, सासूसमोर तर घोरत असतो. पण उलटून बोलण्याची परवानगी नसलेली एखादी विशीतली मुलगी काउंटरपलीकडे दिसली, की तो खडबडून जागा होतो. त्यातून मागे रांग, रांगेत खोकणारी माणसं, आणि डोळ्यांपुढे भिशीतल्या बायका. ईश्वरराव म्हणाले, "येस. रिलिजस."

"अँड यू वेअर इट एव्हरी डे? इन पब्लिक?"

"ऑल्वेज."

"ओके. जस्ट साइन हिअर, सर."

तिने मान वर करूनही पाहिलं नाही. या देशात धर्माचा आदर इतका, की कुणी प्रेशर कुकर घालून आला असता तरी "चेहरा झाकू नका" एवढंच तिने सांगितलं असतं. ईश्वररावांनी सही केली, फोटो काढला आणि दिग्विजय करून आल्यासारखे घरी आले.

घरी डॉक्टर उन्मेष काळदाते चहाला बसलेले होते. काळदाते हे रिटायर्ड भूलतज्ज्ञ. आयुष्यभर त्यांनी लोकांना झोपवलं आणि रिटायर झाल्यापासून त्यांची झोप उडवण्याचं काम ते विनामूल्य करतात. पुतण्या लव्हालला वकील असल्यामुळे क्यूबेकचा कायदा त्यांना येतोच, आणि ओंटारियोचा कायदा त्याच्या शेजारीच असल्यामुळे तोही येतो. सगळी हकिगत ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"सही केलीस?"

"केली."

"रोज घालतो म्हणून? पब्लिकमध्ये?"

"हो, मग?"

"मग काय! फॉल्स डिक्लरेशन आहे ते, ईश्वर. उद्या तुला पोलिसाने थांबवलं, लायसनवर टोपी आणि डोक्यावर टक्कल, तर तो काय समजेल? लायसन कॅन्सल. या वयात परत मिळत नाही. आता एकच उपाय. रोज घाल. म्हणजे डिक्लरेशन खरं होतं."

"किती दिवस?"

"लायसनची मुदत किती आहे?"

"पाच वर्षं."

"मग पाच वर्षं," काळदाते म्हणाले आणि त्यांनी आणखी एक शंकरपाळा उचलला.

वनिताबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "त्यापेक्षा उद्या जाऊन सांगा, चुकलं माझं. पाच मिनिटांचं काम आहे."

हा त्या दिवशी त्या घरात उच्चारला गेलेला एकमेव शहाणपणाचा शब्द होता, त्यामुळे त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. सरकारी कागदावर एकदा सही केली की ती आपल्याला बांधते, हे ईश्वररावांच्या हाडीमांसी भिनलेलं. त्यांच्या वडिलांनी एकदा रेशनकार्डावर घरातली माणसं सहाऐवजी सात लिहिली होती, तर त्या धास्तीने त्यांनी गावाकडची आत्या कायमची राहायला आणली होती. आणि लायसन जाणं म्हणजे काय, हे ईश्वररावांना चांगलं ठाऊक होतं. ते राहत होते एस्कार्पमेंटच्या, म्हणजे गावामागच्या लांबलचक कड्याच्या, वर. खाली गावात जायला दोन बसेस, नाहीतर वनिताबाईंच्या शेजारी बसून जायचं. वनिताबाईंना गाडी ईश्वररावांनीच शिकवली होती, आरडाओरडा करून, आणि त्यातला शब्दन् शब्द त्यांनी जपून ठेवला होता. त्यांच्या शेजारच्या सीटवर हात जोडून बसणं ही कल्पनाच ईश्वररावांना सहन होईना. दुसऱ्या दिवसापासून ते दार उघडलं की टोपी घालू लागले. कचऱ्याचा डबा रस्त्याच्या कडेला ठेवायलासुद्धा.

पहिला हिसका वाऱ्याने दिला. ग्लेनगॅरी डोक्यावर नुसती ठेवलेली असते. तिला बंद नाही, इलॅस्टिक नाही, आणि खाली ईश्वररावांचं डोकं म्हणजे तेल लावलेली फरशी. ग्रोसरीच्या पार्किंग लॉटमध्ये तळ्याकडून एक झोत आला आणि टोपी निघाली. ईश्वरराव दुधाची पिशवी छातीशी धरून मागे धावले. टोपी बिनलायसनची धावत होती, तिला कुठेच थांबायचं नव्हतं. शेवटी शेजारच्या लेनक्सने तिच्यावर बूट ठेवून तिला अडवलं.

लेनक्सचे आजोबा ग्लासगोहून आलेले. त्याने टोपी झटकली, उलटसुलट पाहिली आणि सल्ला सुरू केला. "ती उजवीकडे कलती घालायची, ईश. बॅज असेल तर डाव्या बाजूला. फिती बरोब्बर मानेच्या मध्यावर. आणि पुढची कड भुवईच्या वर दोन बोटं." ईश्वररावांनी आदराने विचारलं, "तू पण घालतोस?" लेनक्स हसून हसून गाडीला टेकला. त्याच्या स्वतःच्या डोक्यावर कानांखालपर्यंत ओढलेली विणलेली हॉकीची टोपी होती. "मी? आजोबांना पुरलं तेव्हा त्यांच्याबरोबर ठेवली. बरं झालं सुटलो."

त्या दिवसापासून वनिताबाईंनी टोपीला आतून दोन साडीपिना लावून दिल्या, त्या उरल्यासुरल्या केसांना टोचायच्या. कानांमागे ईश्वररावांचे मोजून तीसेक केस होते. वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर ते डोळे मिटून "आई गं" म्हणत.

मग पाऊस आला. कॅनडात नोव्हेंबरचा पाऊस धड पाऊसही नसतो, बर्फही नसतो. सरकारी निर्णयासारखा तो नुसता लोंबकळत राहतो. लोकरीने तो दिवसभर पिऊन घेतला आणि संध्याकाळी रंग सोडला. ईश्वररावांच्या कपाळावर, टकलावर, कानांच्या पाळ्यांवर काळी धार उतरली. फोनवर व्हिडिओमध्ये आजोबांना पाहून ओटावाची नात ऊर्मी म्हणाली, "आजोबा, आर यू मेल्टिंग?" ईश्वररावांनी दुखावल्या स्वरात तिला सांगितलं की कायदा पाळणाऱ्या माणसाला थोडं सोसावं लागतंच.

महाराष्ट्र मंडळाची दिवाळी नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात होती. लक्ष्मी पंचांगाप्रमाणे येते, पण शाळेचा जिम बास्केटबॉलच्या वेळापत्रकाप्रमाणे मिळतो. पूजेला बसणाऱ्या पुरुषाचं डोकं झाकलेलं हवं, असा शहाऐंशी वर्षांच्या ताराबाई मोघ्यांचा आग्रह असतो, आणि दरवर्षी ऐन वेळी सगळे पुरुष खिशात रुमाल शोधायला लागतात. या वर्षी ताराबाईंनी सभागृहावरून एकदा नजर फिरवली. "तो गोंडेवाला बसू दे. तेवढ्या एकाच्याच डोक्यावर काहीतरी आहे."

ईश्वररावांची छाती फुगली. बावीस वर्षांत मंडळाने त्यांना फक्त खुर्च्या लावायला बोलावलं होतं. ते यजमान होऊन पाटावर बसले, मान डोलावत मंत्र म्हणू लागले आणि आरतीला वाकले. वाकताना मागची एक फीत खांद्यावरून पुढे आली आणि निरांजनात पडली. लोकर जळते तेव्हा केस जळल्याचा वास येतो. आपल्याकडे तो वास येण्याइतके केस नाहीत एवढाच दिलासा ईश्वररावांना होता. कुणीतरी तीर्थाचं भांडं त्यांच्या मानेवर उपडं केलं. काळदात्यांनी लांबूनच "हलू नकोस" असा वैद्यकीय सल्ला दिला. फीत अर्धी उरली. पुढे आठवडाभर भिशीत दुसरा विषय नव्हता. म्हणजे ज्या बायकांसाठी हा सगळा खटाटोप केला, त्या आता फोटोशिवायच हसत होत्या.

कुणालाही वाटेल की इथे माणूस थांबेल. पण अपमान जितका जास्त, तितका तो वाया जाऊ नये म्हणून माणूस पुढे रेटतो. ईश्वररावांनी जळकी फीत कातरीने सरळ केली आणि डिसेंबरात प्रवेश केला.

ग्लेनगॅरीचा खरा पाजीपणा डिसेंबरात कळतो. ही टोपी कपाळ झाकते, टाळू झाकते, आणि थंडी जिथे चावते ते दोन्ही कान बाहेर वाऱ्यावर ठेवते. वजा अठराच्या सकाळी ईश्वरराव ड्राइव्हवे शोव्हल करायला उतरले. लेनक्स स्वतःचा बर्फ काढता काढता ओरडला, "ईश, कान!" ईश्वररावांनी त्याला हात केला. टोपीच्या वरच्या खाचेत बर्फ साठत होता. तासाभराने ते घरात आले तेव्हा त्यांना कान आहेत की नाहीत हे हाताने चाचपून पाहावं लागलं. वनिताबाईंनी पाहिलं. कान पांढरे पडले होते, मेणासारखे.

"चला," त्या म्हणाल्या आणि गाडीची किल्ली घेतली. ईश्वरराव त्यांच्या शेजारच्या सीटवर हात जोडून बसले. लायसन शाबूत असूनही.

हॉस्पिटलात नर्स म्हणाली, "सर, टोपी काढू या." ईश्वररावांच्या डोळ्यांपुढे सही तरळली. हॉस्पिटलही सरकारीच, कॉम्प्युटर सगळे आतून जोडलेले असणार, असं काळदात्यांनी सांगून ठेवलं होतं. ते क्षीण आवाजात म्हणाले, "रिलिजस." नर्सने चटकन हात मागे घेतला, माफी मागितली, पडदा ओढला आणि टोपी जागेवर ठेवून दोन्ही कानांना बँडेज बांधलं. एवढ्यावर भागलं असतं. पण आदर इथे अर्धवट करत नाहीत. पंधरा मिनिटांनी स्पिरिच्युअल केअरच्या जोआन नावाच्या बाई आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि हळुवारपणे म्हणाल्या, "तुमच्या परंपरेबद्दल मला काही सांगाल?"

मराठी माणसाला अडचणीत मदत हवी असेल तर ती मागता येत नाही, पण प्रवचन मागितलं तर तो नाही म्हणत नाही. ईश्वरराव सुरू झाले. गोंडा म्हणजे आत्मा. चौकडी म्हणजे संसाराचा पट. मागच्या दोन फिती म्हणजे इहलोक आणि परलोक. जोआनबाई वहीत टिपून घेत होत्या.

"एक फीत आखूड का आहे?"

"इहलोक आखूड असतो," ईश्वरराव म्हणाले.

जोआनबाईंचे डोळे पाणावले. वनिताबाई उठून वॉशरूमला गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

जानेवारीत जोआनबाईंचं आमंत्रण आलं. गावातल्या लायब्ररीत सर्वधर्मीय संध्याकाळ, विषय 'श्रद्धेची शिरोवस्त्रं', आणि वक्त्यांत ईश्वर दाबके. वनिताबाई म्हणाल्या, "आता तरी सांगून टाका." ईश्वरराव म्हणाले, "आता सांगितलं तर तीन महिने केलं ते सगळं पुराव्यात जाईल." वनिताबाईंनी चांगलं पातळ काढलं आणि पुढच्या रांगेतली जागा धरली.

व्यासपीठावर ईश्वररावांच्या शेजारी गुरबक्षसिंग नावाचे एक सरदारजी बसले होते. पंचाहत्तरीचे, निळी पगडी, पांढरी दाढी. कार्यक्रम सुरू व्हायला वेळ होता. त्यांनी ईश्वररावांच्या कानांवरच्या बँडेजकडे पाहिलं, मग टोपीकडे पाहिलं आणि आपुलकीने विचारलं, "बहुत तकलीफ दी होगी लोगों ने?"

"मतलब?"

"इसके लिए." त्यांनी टोपीकडे बोट केलं. "मैं बयासी में आया. मिल में वेल्डर लगा. गेट पर बोले, पगडी उतारो, हेल्मेट पहनो. मैंने कहा नहीं उतारूंगा. घर भेज दिया. सात साल चिट्ठियां लिखीं, वकील किया. बीवी सिलाई करती थी, मैं टॅक्सी चलाता था. आपको किसने रोका?"

ईश्वररावांनी आठवून पाहिलं. त्यांना कुणीही रोखलं नव्हतं. खुर्ची दिली होती, पडदा ओढला होता, माफी मागितली होती. ब्याऐंशी साली ते स्वतः रोज सकाळी कंपनीचं हेल्मेट घालून गेटमधून आत जात होते, आणि गेटबाहेर कोण उभं आहे याची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. त्यांना लाज वाटली. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ती भिशीची नव्हती, फोटोची नव्हती, पोलिसाचीही नव्हती.

जोआनबाईंनी नाव पुकारलं. ईश्वरराव माइकपाशी गेले, साडीपिना काढल्या, टोपी हातात घेतली. सभागृहाच्या दिव्यांखाली टक्कल आणि दोन बँडेज असा सगळा ऐवज उघडा पडला.

"ही टोपी मी टूरवर विकत घेतली," ते इंग्रजीत म्हणाले. "हिला धर्म नाही. मला फोटोत टक्कल नको होतं, म्हणून मी लायसनच्या ऑफिसात खोटी सही केली. आत्मा, इहलोक, ते सगळं मी रचलं. फीत आरतीत जळली होती. मी खोटं बोललो. उद्या सकाळी मी लायसन परत करणार आहे."

आणि मग टाळ्या. जोआनबाई उभ्या राहिल्या, सगळं सभागृह उभं राहिलं. "सो ब्रेव्ह," कुणीतरी म्हणालं. ईश्वररावांनी हताश होऊन पाहिलं. या लोकांसमोर खोटं बोललं तरी आदर करतात आणि खरं बोललं तर त्याहून जास्त करतात. सुटकाच नाही. कार्यक्रमानंतर एक वकीलबाई मुद्दाम येऊन सांगून गेल्या, की रोज घातलीच पाहिजे असं त्या फॉर्मने कुणालाच बांधलेलं नसतं. जाऊन फोटो बदलून घ्या, कुणी लायसन काढून घेणार नाही. म्हणजे दोन कान फुकट गेले होते.

टाळ्या वाजवल्या नव्हत्या त्या फक्त गुरबक्षसिंगांनी. पार्किंगमध्ये बारीक बर्फ पडत होता. वनिताबाई गाडी गरम करत होत्या. ईश्वरराव टोपी हातात धरून दाराशी उभे होते. गुरबक्षसिंग त्यांच्याजवळ येऊन थांबले.

"एक बात पूछूं? उस दफ्तर में आपको कितना टाइम लगा? मंजूरी में?"

"दो मिनट," ईश्वरराव म्हणाले.

"दो मिनट." सरदारजींनी ते शब्द सावकाश उच्चारले. रागावले नाहीत, हसलेही नाहीत. दाढीवरचा बर्फ तेवढा पुसला. ईश्वररावांना वाटलं, यापेक्षा यांनी दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"माफ कीजिए," ते म्हणाले.

सरदारजींनी मान हलवली, त्यातून माफ केलं की नाही ते काही कळलं नाही. मग त्यांनी ईश्वररावांच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं. "ठंड है, भाईसाहब. पहन लो. कान तो पहले ही खराब हैं."

"इससे कान नहीं ढकते," ईश्वरराव म्हणाले.

गुरबक्षसिंगांनी टोपी त्यांच्या हातातून घेतली, गोंडा पाहिला, जळकी फीत पाहिली, आत बोटं घालून लोकर चाचपली आणि मनापासून कोड्यात पडून विचारलं, "तो फिर ये है किस काम की?"

ईश्वरराव टोपी त्यांच्याच हातात सोडून वनिताबाईंच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.